पर्लकोटेची भरती

नदी मोजणाऱ्या माणसाकडे किस्से गाळासारखे साचतात. कितीही उपसा, आहेतच!

भामरागडला आम्ही तिघं होतो. कोकणातले जोगळेकर साहेब, डोंगा चालवणारा लालसूभाऊ आणि आकडे लिहिणारा मी. पर्लकोटा नदीचा तळ अन् प्रवाह मोजायचा, रिपोर्ट पास झाला की बदली. वर्ध्याला माझी मुलगी चालायला लागली ते मला पत्रातून कळलं. फार वाईट वाटलं. रिपोर्ट पास व्हावा, एवढंच हवं होतं.

*

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "काठाला पाणी उथळच असतं." आणि वळणावर पट्टी घेऊन उतरले ते थेट गळ्यापर्यंत! लालसूभाऊनं त्यांना ओढून काढलं.

"पाण्याकडे काऊन पाहून राह्यले, साहेब? तळ पाहा. तळ सांगते तसं पाणी जाते."

*

वेग मोजायला आम्ही लाकडाचे ठोकळे सोडायचो. एक ठोकळा खडकामागच्या भोवऱ्यात सापडला आणि तिथंच फिरत बसला. साहेब घड्याळ धरून उभे. अर्ध्या तासानं मी विचारलं, "काय लिहू?"

"लिहा, ठोकळा रजेवर आहे!"

निदान त्याला तरी मिळाली.

*

उन्हाळ्यात एक बडे अधिकारी तपासणीला आले. कोरड्या वाळूत उभं राहून घाम पुसत म्हणाले, "नदी कुठाय?"

"तुमी तिच्यातच उभे हाव, साहेब," लालसूभाऊ म्हणाला.

*

पावसाळ्यात वाळू सरकली. जिथं दोन पुरुष पाणी होतं, तिथं पाणी ओसरल्यावर गावानं काकड्या लावल्या. वरून पत्र आलं, "गेल्या वर्षीचा तळ जुळत नाही. पुन्हा मोजा."

"नदीलाच मेमो काढा!" साहेब म्हणाले. पुन्हा मोजलं. तिसऱ्या वर्षीही पुन्हा मोजलं.

*

छप्पन्न साली जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नव्या कचेरीकडून समुद्रकाठचे फॉर्म आले. रकाने होते भरतीची वेळ अन् ओहोटीची वेळ! आम्ही "निरंक" लिहिलं. फॉर्म परत. असं तीनदा झालं.

पुढच्या पावसाळ्यात, पर्लकोटा जिला मिळते ती इंद्रावती फुगली. तिचं पाणी पर्लकोटेत शिरलं आणि ओंडके उलटे, वरच्या अंगाला चालले.

"मोठी भरली का लहान मागं फिरते," लालसूभाऊ म्हणाला. "दरसाल हाय."

"अहो, आमच्या खाडीत याला भरतीच म्हणतात! लिहा!" साहेब ओरडले.

मी लिहिलं, भरती आषाढात, ओहोटी आश्विनात.

रस्ता उघडला तसं टपाल आलं. रिपोर्ट पास! पहिलं पान वाचून साहेबांनी लगेच होल्डॉल आवळायला घेतला. दुसरं पान मी वाचलं.

"सदर नदीस भरती-ओहोटी असल्याचे निष्पन्न झाल्याने यापुढे मोजणी दर सहा तासांनी करावी. पथकास तीन वर्षे मुदतवाढ देण्यात येत आहे."