सोनारीला ठेवलेली वही

व्हिसा नाकारल्याच्या पत्रात लिहिलं होतं की आमचं लग्न खरं आहे याबद्दल त्यांचं समाधान झालेलं नाही. ते वाक्य मी इतक्यांदा वाचलं की मलाच प्रश्न पडू लागला, खरं लग्न म्हणजे नेमकं काय असतं?

मी भूममध्ये शिवणाचे क्लास घेते. पहिला नवरा वारल्यावर नऊ वर्षं एकटीनं काढली, मग हे स्थळ आलं. हे ऑस्ट्रेलियात एका बेकरीत काम करतात; त्यांचीही पहिली बायको गेलेली. दोघांनाही गाजावाजा नको होता. नोंदणी केली, सात-आठ माणसं जेवली. दीड महिना एकत्र राहिलो आणि ते परत गेले. फोटो म्हणाल तर चार. त्या अधिकाऱ्याला शंका आली यात नवल नाही. कागदावर आमचा संसार फारच थोडा होता.

यांनी तिकडच्या न्यायाधिकरणात अपील केलं. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात, असं वकिलांनी सांगितलं. हे तिथं हजर राहणार होते, मी फोनवर. मी एका वहीत सगळं उतरवून काढलं. सासूबाईंचं ऑपरेशन कधी झालं, यांच्या खोलीला खिडक्या किती, चहात साखर किती. पण जेवढं पाठ होई तेवढं ते परकं वाटे, दुसऱ्याच कुणा बाईचं असल्यासारखं. असं का होतंय, ते कळेना.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी शेजारणीच्या आग्रहानं सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेले. मन रिकामंच होतं. दर्शन झाल्यावर मंडपात बसून वही उघडली. शेजारी एक म्हातारी बसली होती.

"पोथी वाचतीस व्हय?" तिनं विचारलं.

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "संसार तुझाच हाय नव्हं?"

"हो."

"मंग पाठ कशाला करतीस? ठिव ती वही देवाम्होरं अन् जा घरला."

मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. मी उठले, वही देवापुढं ठेवली. मागं वळले तर म्हातारी गर्दीत निघून गेली होती.

सुनावणीच्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. दुभाषी बाई मराठीतून विचारत होत्या. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मग अचानक विचारलं, "तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं?"

वहीत ते भांडण नव्हतंच. असलं सांगायचं नसतं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण आता हाताशी वही नव्हती. मी खरं ते बोलले. "मीच म्हणाले, अपील सोडा, मलाही सोडा. त्यांनी फोन ठेवला. दोन दिवस बोलले नाहीत."

"मग आधी कोण बोललं?"

"तेच. मेथीत डाळ किती घालायची म्हणून विचारलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं येतं."

संध्याकाळी यांच्याकडून कळलं की त्यांनाही तेच विचारलं होतं, आणि लाजत लाजत त्यांनीही मेथीचंच सांगितलं होतं.

काही आठवड्यांनी नकार रद्द झाला, अर्ज फेरतपासणीला गेला, आणि गेल्या महिन्यात व्हिसा आला. मी पुन्हा सोनारीला गेले, पुजाऱ्यांकडं त्या म्हातारीची चौकशी केली. ते म्हणाले, "लई बाया येतात ताई, कुणाकुणाला ध्यानात ठिवावं?"

ती कोण होती, याचं कुतूहल अजून आहे. असेल एखादी शहाणी बाई, आपल्या नवसाला आलेली. त्याहून जास्त काही होतं का, ते मला ठरवता येत नाही आणि ठरवायची घाईही नाही. काळभैरव राखणदार देव, असं लहानपणापासून ऐकत आले होते. जे खरंच आहे, त्याच्यावर मी एकटीच पहारा देत बसले होते. त्या दिवशी तो पहारा कुणीतरी माझ्याकडून काढून घेतला. देवाच्या पायाशी माझं एवढंच मागणं आहे, की तो पहारा मी पुन्हा मागून घेऊ नये.