बयाबाईच्या टाचा

कोडोलीच्या बयाबाईला आयुष्यात एकच मोठेपणा हवा होता. एकुलत्या एका लेकाचं, धैर्यशीलचं, लग्न व्हावं, मुलीकडच्यांनी पुढ्यात परात मांडावी आणि भर मांडवात विहिणीनं आपले पाय धुवावेत. शालू, मानपान, पंगतीतला पहिला पाट यातलं तिला काही नको होतं.

या हौसेला कारण होतं. बयाबाईच्या स्वतःच्या लग्नात तिची आई सासूचे पाय धुवायला बसली, तेव्हा सासूनं, म्हणजे बनाबाईनं, पाणी गार आहे म्हणून पाय मागं घेतले. विहीण रुसली म्हटल्यावर मांडवाच्या तोंडचं पाणी पळालं. आईनं चुलीवर पाणी तापवून आणलं आणि पहिल्यापासून पुन्हा पाय धुतले. मुंडावळ्यांच्या आडून बयाबाईला आईचा घसरलेला पदर तेवढा दिसत होता. बनाबाई पुढं सासू म्हणून काही वाईट निघाली नाही, दोघींचं बरं चाललं. पण ती परात बयाबाईच्या डोक्यातून गेली नाही. आपलीही पाळी येईल, एवढं मनाशी धरून ती बसली होती. चांगल्या माणसांच्या मनातही असल्या गोष्टी घर करून असतात, फक्त ती बोलत नाहीत.

पाळी आली ती २००९ साली. धैर्यशील वारणानगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटला होता. मुलगी कोल्हापूरची, प्रियदर्शनी, बँकेत नोकरीला. सुपारी फोडायला बयाबाई नवऱ्याबरोबर मुलीच्या घरी गेली. चपला दाराशी काढल्या, आरशासारख्या फरशीवरून जपून चालत ती आत आली. गुडघे दुखतात म्हणून विहीणबाईंनी आग्रहानं दिवाणावर पाय वर घेऊन बसवलं. बोलणी झाली, साखर वाटली. उठताना मात्र बयाबाईच्या टाचेच्या भेगेत नव्या कशिद्याच्या चादरीचा दोरा अडकला आणि चर्रकन उसवत आला. विहीणबाईंनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं करून चहाचा कप पुढं केला. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. न बोलल्यानं बयाबाईच्या जिवाला फार लागलं.

टाचा होत्याच तशा. भेगेत नाणं उभं राहावं. पहाटे गोठ्यातलं शेणमूत, दिवसभर उसाचं पाचट, संध्याकाळी पुन्हा धारा. यात टाचांकडं बघायला कुणाला सवड होती? आता मात्र तिला दुसरं काही दिसेना. मांडवात ह्याच टाचा त्या शहरातल्या बाईच्या ओंजळीत जायच्या. जन्मभर ज्या घटकेची वाट बघितली, तीच घटका टळली तर बरं, असं तिला वाटायला लागलं.

उपाय करून झाले. आमसुलाचं तेल झालं, मेण झालं. न्हाणीत टाचा घासायची पितळेची वजरी होती, पण घासून घासून तिचे दात कधीच गुळगुळीत झाले होते. शिवाय गुडघा मुडपेना, त्यामुळं हात टाचेपर्यंत पोचेना. म्हैस शेपटीनं पाठीवरची माशी तरी हाकलते, मला तेवढंबी जमंना, असं ती म्हणायची.

कबनूरला दिलेली लेक सुवर्णा लग्नाच्या खरेदीला आली, तेव्हा तिनं पिशवीतून अंड्याएवढी, अंड्याच्याच आकाराची एक वस्तू काढली. टीव्हीवर दिवसभर तिची जाहिरात चालायची. पोटाशी बारीक बारीक धारेची पत्र्याची जाळी होती. कोरड्या टाचेवर हलक्या हातानं फिरवायची, भुगा आतल्या आत साठतो, असं सुवर्णानं समजावलं आणि यंत्रमागाची शिफ्ट आहे म्हणून नवऱ्याबरोबर परत गेली. बयाबाईनं ती वस्तू उलटसुलट बघितली. तिच्या मते ती खोबऱ्याची किसणीच होती, टाचेच्या नावाखाली शहाण्यांनी खपवलेली.

दोन दिवस ती किसणी फळीवर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम जेवून उठला आणि बायको पाटावर बसून एका हातानं भिंत धरून दुसऱ्या हातानं टाच गाठायला धडपडताना त्याला दिसली. जोतीराम तिचा नवरा. बोलायला रांगडा, म्हशीशी जेवढं गोड बोलेल तेवढं माणसाशी बोलणार नाही. म्हशीचा खूर वाढला की तो मांडीवर घेऊन स्वतःच साफ करायचा. त्यानं काही न विचारता खाली बसकण मारली आणि बायकोचा पाय उचलून मांडीवर घेतला.

बयाबाईनं पाय असा ओढला की मागं पडता पडता राहिली. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय? पाप तिच्या माथी. लग्नात भटजींनी अंगठा धरायला लावला होता तेवढाच, त्यानंतर त्या हातानं त्या पायाला कधी शिवलं नव्हतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं कधी नवऱ्याचं नावसुद्धा तोंडातून काढलं नव्हतं. इतकं, की जोतिबाच्या डोंगरावर सगळी यात्रा देवाचं नाव घेऊन चांगभलं म्हणायची तेव्हा ही नुसतं “देवाच्या नावानं चांगभलं” म्हणायची. कारण देवाच्या नावात नवऱ्याचं नाव यायचं.

“पाप लागलं मला,” ती म्हणाली.

“मग नंतर माझ्या पाया पड, म्हणजे फिटलं,” जोतीराम म्हणाला.

हा तोडगा तिला पटला. पहिल्या दिवशी त्यानं म्हशीच्या खुराला लावावा तसा जोर लावला आणि बयाबाईनं त्याला लाथ घातली. म्हणजे पापात आणखी भर पडली. मग त्याचा हात सावकाश चालायला लागला. तो एक भेग धरायचा, फुंकर मारायचा, अंगठ्यानं चाचपायचा, मग दुसरी धरायचा. पांढरा भुगा तो कागदावर झटकायचा आणि बयाबाई दर वेळी लाजून तिकडं न बघता बोलत राहायची. काम झालं की ती कण्हत कण्हत वाकून त्याच्या पाया पडायची. दोन-तीन दिवसांत जोतीरामानं ओळखलं की टाचा बऱ्या होतील, पण गुडघे जातील. त्यानं बायकोला खुर्चीवर बसवलं, समोर पालथं घमेलं मांडून त्यावर आपले पाय ठेवले आणि म्हणाला, पड आता बसल्या बसल्या. देवाला चालतंय.

दुपारी दार लावून घ्यायचं, नाहीतर गावभर बोभाटा. पण लावलेल्या दाराचाच बोभाटा जास्त झाला. शेजारची चिमणाबाई ताक मागायला आली, तर आतून कडी. ह्या वयात भर दुपारी कडी लावायचं काय काम, असं तिनं पाणवठ्यावर विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती पुढच्या बाईकडं गेली. बयाबाईला ते कळलं तेव्हा तिचं तोंड लाल झालं. पण कडी लावायचं तिनं सोडलं नाही.

खरं म्हणजे तिला त्या दुपारी आवडायला लागल्या होत्या. सारं आयुष्य त्या घरात तिनं दुसऱ्यांचे पाय चेपले होते. सासऱ्याचे, सासूचे, बाळंतपणात लेकीचे. आपला पाय कुणाच्या मांडीवर आहे आणि तो माणूस घाई करत नाही, हे तिला नवीन होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी टाचा अशा निघाल्या की बयाबाईनं नेसत्या लुगड्यावरून त्या फिरवून बघितल्या, दोरा अडकला नाही. तेव्हा जोतीरामानं तांब्यातून कोमट पाणी आणलं, तिचे दोन्ही पाय धुतले आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बोटांच्या बेचक्यांतून पुसले. बयाबाई खुर्चीत बसून रडली. त्यानं विचारलं, दुखतंय व्हय? ती म्हणाली, न्हाय. त्या दिवशी पाया पडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

लग्न कोल्हापुरात, कार्यालयात. अक्षता पडल्या, आणि मुलीकडच्यांनी परात मांडली. पाणी कोमट होतं, वर गुलाबाच्या पाकळ्या सोडलेल्या. बयाबाई पाटावर बसली. पाय पुढं करायला तिला तसूभर लाज वाटली नाही. विहीणबाई समोर वाकल्या, त्यांनी तांब्या उचलला, आणि वाकताना त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला. भांगात चार पांढरे केस होते. हातात तांब्या, म्हणून त्यांना पदर सावरता येईना.

बयाबाईनं पाय मागं घेतले.

 सनईवाल्याला कुणीतरी थांबवलं. मुलीचे मामा हंबीरराव धावत आले आणि पाणी बदला, गरम आणा म्हणून पोरांवर खेकसायला लागले. विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

“माझं काही चुकलं का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“तुमचं काय चुकतंय?” बयाबाईनं पुढं होऊन त्यांचा पदर डोक्यावर नीट घातला. “मी रुसलो न्हाय, ईनबाई. माझं पाय धुऊन झाल्यात. घरातनंच धुऊन आलोय मी.”

“पण कुणी धुतले?”

बयाबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. तो पाहुण्यांत फेटा सांभाळत उभा होता, काही न कळून.

“जोतीरामांनी,” ती म्हणाली. उखाण्यात नव्हे, तर सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कोडोलीकडच्या बायकांत एकदम हसू फुटलं. चिमणाबाईला लावलेल्या कडीचा उलगडा झाला आणि ती सगळ्यांत जास्त हसली. बयाबाईनं विहीणबाईंच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी पाटावर बसवलं. दोघींचे डोळे भरले होते. जोतीराम फेटा सारखा करायचं निमित्त काढून कार्यालयाच्या मागं, आचाऱ्यांकडं निघून गेला.

परतीच्या गाडीत त्यानं फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “नाव कशाला घेतलंस माणसांत?”

“उद्या पोरांना घेऊन डोंगरावर जायचं हाय नव्हं?” बयाबाई म्हणाली. “तुमचं घेतलं, आता देवाचंबी घेता येतंय की.”

दुसऱ्या दिवशी डोंगरावर ऊन रणरणत होतं. नवरानवरी पुढं गेली होती. देवळाच्या पायऱ्या अनवाणी उतरताना बयाबाईच्या टाचा जन्मात पहिल्यांदा पोळल्या. जुन्या टाचांना असलं काही कळायचं नाही. जोतीरामानं खांद्यावरचा टॉवेल देवळाच्या दगडी कुंडात भिजवला आणि तिच्यापुढं पायरीवर अंथरला. ती त्याच्यावर उभी राहिली, कळसाकडं तोंड केलं, आणि जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणाली.