बियाणं कोणाकडचं

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आणि पहिला सीलिअ‍ॅक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, तोही माझाच. पदवीचं श्रेय घ्यायला दोन्हीकडचे पाहुणे धावत आले होते. आजाराचं घ्यायला कोणी तयार नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं मी मूर्तिजापूरजवळच्या आमच्या घरी येऊन समजावलं. या आजाराचा जीन आईकडून किंवा बापाकडून येतो. पण नुसता जीन असून भागत नाही, गहू पोटात जावा लागतो. आणि दोन्ही असूनही पुष्कळांना काही होत नाही. लहानपणी आमच्याकडे ज्वारीची भाकर, पोळी सणावारी; घरी रोजची पोळी आली ती नंतर. अमरावतीच्या होस्टेलात दोन्ही वेळ पोळ्या सुरू झाल्या आणि माझं पोट बिघडलं ते बिघडलंच.

"म्हंजे बियाणंच बोगस निंगालं," बाबा म्हणाले. "तुह्या मायच्या घरचं."

"माह्या माहेरचे सारे पैलवान हायेत," आई फणकारली. "तुमच्या बहिणीचं पोट पाहा अगुदर."

आईबाबांचंही रक्त तपासायचं होतं. या आजारात लोह अंगी लागत नाही, म्हणून मला काळजी आईची. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाते, तरी अंगात रक्त नाही; वावरातून आली की भिंतीला टेकून बसते.

ती मात्र हसतहसत तयार झाली. डॉक्टरांनी विचारलं, "पोळी खाता ना रोज?"

"छट्! पोरीचं समजलं तवापासून बंद. पास व्हायचं हाय न मले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गहू खात असतानाच रक्तात खूण नीट सापडते. काही आठवडे रोज पोळी खा, मग या, म्हणाले.

बाबांच्या रिपोर्टात काही निघालं नाही. तो कागद त्यांनी गावभर दाखवला. रिपोर्ट चांगला म्हणजे जीन नाहीच असं नव्हे, हे मी सांगत राहिले, ऐकतं कोण!

आई पोळी चावत म्हणायची, "काय तुमचं शिक्षण वं बाई! नापास व्हाले अभ्यास करा लागते."

आणि ती नापास झाली. पुढे दुर्बिणीच्या तपासणीतही तेच निघालं. अकोल्याहून येताना ती बसमध्ये रिपोर्टाचा कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. तुझा यात काही दोष नाही, हे वाक्य मी मनात घोळवत होते.

घरी बाबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमची माय जनमभर म्हणे, पोरगी हुशार हाय, बापावर गेली. आता वाचा. कोणावर गेली थे कागदावर आलं."

आणि तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा पुढे ओढला.