जबल अख्दरवर माझं खरं वजन

मस्कतहून निघताना कॅप्टन सालेमनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमचं वजन किती?" सकाळचे सहा वाजले होते. शेजारी विमानतळावरच्या दोन मुली उभ्या होत्या. मी पोट आत घेत म्हणालो, "ब्याऐंशी." त्यांनी कागदावर ब्याऐंशी लिहिलं.

मी मूळचा वसईचा, मस्कतच्या अल् खुवैर भागात केक बनवतो. जबल अख्दर (हिरवा डोंगर) इथून दोन-अडीच तासांवर, जवळजवळ दोन हजार मीटर उंच. वरच्या एका हॉटेलात लग्न होतं आणि केक तीन मजली होता. मागे एकदा गाडीनं पाठवलेला असाच केक घाटातल्या वळणांनी दोन मजली होऊन पोचला होता. म्हणून या वेळी वरपक्षानं छोटं विमानच ठरवलं. मागच्या खुर्च्या काढून तिथे केकची पेटी बांधली. पेटीला वजन विचारलं नाही, सरळ काट्यावर ठेवली.

डोंगर जवळ आला तसे आम्ही खड्ड्यांतून रिक्षा जावी तसे उडू लागलो. "वारा कडा ओलांडतो आणि पलीकडे खाली कोसळतो," कॅप्टन म्हणाले. "त्याच्याखाली सापडायचं नाही. म्हणून उंचावरून जायचं." ते कडा बघत होते, मी मागे वळून केक.

वर धावपट्टी, एक पत्र्याची खोली आणि रत्नागिरीचे इब्राहिमभाई. वारा आणि तापमान बघून वैमानिकांना कळवायचं, हे त्यांचं काम. माझं मराठी ऐकून खूश झाले आणि लगेच दटावलंही. "नऊच्या आत परत या. ऊन चढला की हवा पातळ होते. मग इमान धावतं, पन उठत नाय."

केक धडधाकट पोचला. मी तेव्हाच परतायला हवं होतं. पण हॉटेलच्या आचाऱ्यानं गरम खुबूज (ओमानी रोटी) आणि मध पुढे केला, आणि समोर डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसत होती. दुकानातली वेफर्सची पाकिटं उंचीवरच्या हवेनं उशीसारखी फुगली होती. त्यांचे फोटो काढले. मग एका बागवाल्याकडून दहा किलो रुम्मान (डाळिंबं) घेतली. धावपट्टीवर पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते.

कॅप्टननी तापमापकाकडे बोट दाखवलं. अठ्ठावीस. मला वाटलं, मस्कतच्या मानानं थंडच की! पण इतक्या उंचीवर एवढं ऊन म्हणजे विमानाला वाटतं, आपण आणखी हजार मीटर वर आहोत. पंखांना हवा पुरत नाही, इंजिनाचा दम कमी पडतो. कॅप्टननी पुन्हा गणित मांडलं. "डाळिंबं धरून जेमतेम बसतंय. तुमचे ब्याऐंशी..."

इब्राहिमभाईंनी मला गळ्यापासून पोटापर्यंत न्याहाळलं. "ब्याऐंशी? कंच्या सालातले?"

"गप्प बसा हो," मी पुटपुटलो.

पट्टा कसाबसा लागला. इंजिन सुरू झालं. समोर धावपट्टी संपत होती, आणि तिच्या पुढे जमीनच नव्हती. नुसती दरी. बायको डोळ्यांपुढे आली, पोरगी आली. कॅप्टनचा हात पुढे सरकला आणि मी ओरडलो, "थांबा! एकशे सात!"

ते दचकून समोरची घड्याळं तपासू लागले. "कुठला काटा?"

"मी! मी एकशे सात!"

इंजिन बंद झालं. "खलास (संपलं)," ते म्हणाले. "उतरा." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मला सामानाच्या काट्यावर उभं केलं. एकशे नऊ भरले.

"न्याहारी," मी म्हणालो.

मग पाच वाजेपर्यंत थांबलो. दुपारभर वारा वेड्यासारखा दिशा बदलत होता. इब्राहिमभाईंनी भात शिजवला. इथे पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही, त्यामुळे भात कच्चट झाला होता. तोही मला चारच घास वाढला. "कॅप्टनचा हुकूम हाय," ते म्हणाले. कॅप्टन सावलीत बसून नव्यानं आकडे मांडत होते. मी दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा "हं" एवढंच उत्तर आलं.

पाचला ऊन उतरलं आणि वारा समोरून, एकसारखा वाहू लागला. डाळिंबं इब्राहिमभाईंकडे ठेवली. विमान धावत राहिलं, धावत राहिलं, मी डोळे मिटले, आणि चाकांची खडखड एकदम थांबली. उघडले तेव्हा कडा मागे पडला होता.

मस्कतला उतरल्यावर मी तिसऱ्यांदा माफी मागितली. कॅप्टन कागद घडी करत म्हणाले, "खोटं वजन सांगणारे खूप भेटतात. बहुतेक जण उतरल्यावर सांगतात, हसत हसत. तुम्ही आधी सांगितलं." आणि त्यांनी हात पुढे केला.

वारा, ऊन, कडा, सगळं त्यांनी बरोबर वाचलं होतं. चुकीचा आकडा एकच होता, आणि तो माझा होता. घरी गाडी चालवत जाताना मला ते उतरल्यावर हसणारे लोकच दिसत होते. त्यांच्यात मी नव्हतो, तो जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या फरकानं.