एका नमस्काराला पन्नास पावलं

प्रदर्शनीच्या गेटातून आत शिरून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या कानावर सातव्यांदा तेच वाक्य आलं. "बाई, ओळखलंत का?"

खुर्ची थांबली. बाईंनी चष्मा सारखा केला, समोरच्या लेकुरवाळीकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कुसुम. सातवी ब. खिडकीशी बसायचीस आणि फळा सोडून बाहेर बघायचीस."

कुसुम लाजली आणि पाया पडली. मग तिचा नवरा वाकला. मग दोन मुलांना मानेला धरून वाकवलं. बाईंनी सगळ्यांची विचारपूस केली, मोठ्याचा नंबर कितवा आला ते विचारलं आणि मग खुर्चीचा दांडा पुढे ढकलला. मोटर घूंऽऽ करून उठली. खुर्चीच्या पुढचा छोटा लॅम्प क्षणभर मंद झाला. तो लॅम्प मंद झाला की मी मनात बॅटरीचा हिशोब करायचो.

मी बॅटरीवाला. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं चार्जिंगचं दुकान होतं. मोटारीच्या, ट्रकच्या, लग्नातल्या लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या माझ्याकडे यायच्या. मध्यप्रदेश होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. बॅटरीवर चालणारी खुर्ची आख्ख्या इंदूरमध्ये एकच होती आणि ती मोठ्या बाईंची होती.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या रिटायर झालेल्या हेडमास्तरीण. पायरीवरून पडून कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून चालणं बंद. त्यांच्या भावानं महूच्या एका गोऱ्या कर्नलच्या कुटुंबाकडून ती विलायती खुर्ची घेऊन दिली होती. सीटखाली दोन बॅटऱ्या, मागे मोटर, हाताशी एक दांडा. दांडा पुढे केला की चालायची, मागे ओढला की थांबायची. ब्रेक चांगला, मोटर म्हातारी. विलायती बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या. मी आपल्या मोटारीच्या दोन बसवून दिल्या होत्या.

आदल्या वर्षी घोटाळा झाला होता. ऐन राजवाड्याच्या चौकात खुर्ची बंद पडली. मागे टांगे, हातगाड्या, सायकली, सगळ्यांचा कालवा. चार अनोळखी माणसांनी ढकलत ढकलत बाईंना घरी आणलं. तेव्हा बॅटरी दुसऱ्याकडची होती, हे आधीच सांगतो. पण त्यानंतर चार महिने बाई उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. बेचाळीस वर्षं ज्यांनी पोरींना "पाठ सरळ" म्हणून सांगितलं, त्यांना गावानं पोत्यासारखं ढकलत नेलं, हे त्यांना फार लागलं होतं.

म्हणून त्यांचे भाचे वसंतराव माझ्याकडे आले. पी. डब्ल्यू. डी.त ओव्हरसियर होते. माणूस सज्जन, पण काळजीनं कडक झालेला.

"दामूभिया," ते म्हणाले, "आत्याला प्रदर्शनी बघायची आहे. तिथं चंबळच्या धरणाचं मॉडेल आलंय, पाणी सोडून दाखवतात. तिला तेच बघायचंय. मी सांगून टाकलंय, ही शेवटची परीक्षा. मी गेटवर उभा राहीन. एकदा जरी खुर्चीला कुणाचा हात लागला, तर उद्यापासून खुर्ची गोदामात. मग साधी चाकाची खुर्ची आणि ढकलायला नोकर."

"आणि बाई कबूल झाल्या?"

"हो म्हणाली. पण दोन दिवस जेवली नाही नीट."

मी म्हटलं, अपन करून दाखवू. रविवारी सकाळी ग्राउंड रिकामं होतं, तेव्हा मी स्वतः खुर्चीत बसून ट्रायल घेतली. गेटपासून धरणाचं मॉडेल अर्धा मैल. जाऊन-येऊन एक मैल. फुल चार्जवर खुर्ची दोन मैल आरामात गेली, आणि माझं वजन बाईंच्या दीडपट. म्हणजे डबल मार्जिन. मी एकदम खुश. चाकांत हवा भरली, बेअरिंगला ग्रीस दिलं, प्रत्येक सेलमध्ये डिस्टिल वॉटर टाकलं. हायड्रोमीटर लावून पाहिलं. हायड्रोमीटर म्हणजे काचेची नळी असते, आत तरंगणारी कांडी. तेजाब, म्हणजे आतलं ॲसिड, किती कसदार आहे ते ती दाखवते. बाराशे पन्नास म्हणजे पोट भरलेलं, अकराशे म्हणजे उपाशी. माझे सगळे सेल बाराशे पन्नास.

निघताना मी बाईंना नियम सांगितले. हॉर्न वाजवायचा नाही. पाळण्याच्या बाजूला रेती आहे, तिकडे जायचं नाही. आणि मतलब, बिना कारण खुर्ची रोकायची नाही.

"दामोदर," बाई म्हणाल्या, "मतलब, बिना आणि रोकायची. एका वाक्यात तीन उसनवाऱ्या. मला नियम पाळता येतात. तू वाक्य सांभाळ."

आता माझी चूक सांगतो. मी ट्रायल रिकाम्या ग्राउंडवर घेतली. बॅटरीचं कसं असतं, चालत्या गाडीला ती थोडंथोडं देते. थांबलेली गाडी उठवायची असली, की एकदम चौपट मागणी येते. त्या म्हाताऱ्या मोटरचा माझा अंदाज होता की एकदा थांबून उठायचं म्हणजे पन्नास पावलांचा खर्च. ट्रायलमध्ये मी तीनदा थांबलो होतो. मला भेटायला तिथं एक कुत्रं आलं होतं, बस.

आणि इथं अर्धं इंदूर बाईंच्या हाताखालून गेलेलं. परदेशीपुऱ्यातल्या, रामबागेतल्या, सराफ्यातल्या पोरी, आता कुणाच्या आया, कुणाच्या सासवा. मारवाडी पोरी यायच्या, "बाईजी, पाँव लागूँ" म्हणायच्या. बाई प्रत्येकीला नावानं हाक मारायच्या. फुगेवाल्याला, चुडीच्या दुकानाला, आइस्क्रीमच्या गाडीला, जागोजागी थांबा. पाळणा गेला, मौत का कुआँ गेला, बाईंनी कशाकडे मान वळवून पाहिलं नाही. पण नमस्कार एक सोडला नाही. मॉडेलपर्यंत पोचलो तेव्हा पस्तीस थांबे झाले होते.

मॉडेल मात्र झकास होतं. टेबलाएवढी दरी, सिमेंटची भिंत, खालून पाणी सुटलं की इवलंसं चाक फिरायचं आणि गावात दिवे लागायचे. दाखवणारे गृहस्थ सांगून राहिले होते की नदी इकडून तिकडे येते. बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"चंबळ उगम कुठे पावते?"

ते गृहस्थ हातातल्या कागदात शोधायला लागले.

"आपल्या महूजवळ. आणि वाहते उत्तरेला. बेचाळीस वर्षं शिकवली मी ही नदी. धरण आज पाहिलं." एवढं बोलून त्या पाणी परत सुटेपर्यंत थांबल्या, आणि दिवे लागले तेव्हा चष्मा काढून पुसला. मला ते बघून बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण परतीचा अर्धा मैल बाकी होता.

परतताना चार थांब्यांतच लॅम्पचा निखारा झाला. मोटर घूं करायच्या ऐवजी कण्हायला लागली. गेटवर नाल्याचा पूल होता, त्याला चढ. तो चढ मला डोळ्यासमोर दिसून राहिला होता आणि त्याच्या माथ्यावर वसंतराव. मी खुर्चीच्या आडवा आलो.

"बाई, माफ करा. तुमचा एक नमस्कार मला पन्नास पावलांना पडतो. अशानं आपण गेटपर्यंत नाही पोचत. आता कुणी आलं तर चालत्या खुर्चीतून हात जोडा आणि पुढे चला."

"पोरगी पायाशी वाकली आहे, आणि मी खुर्ची पुढे नेऊ?"

"मग ढकलावी लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. इतका वेळ मी त्यांना घाबरत होतो. त्या क्षणी मला त्यांची दया आली आणि माझाच राग आला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरा उपाय नाही?"

होता एक. बॅटरीला दम लागतो. आतल्या प्लेटांजवळचं तेजाब संपतं, बाहेरचं आत झिरपायला वेळ लागतो. अर्धा तास तिला अजिबात हात लावला नाही, तर थोडी ताकद परत येते. पूर्ण नाही, पण एका चढापुरती येईल असं वाटत होतं. "पण अर्धा तास आराम," मी म्हटलं, "आणि नंतर गेटपर्यंत एकही थांबा नको."

"आराम बॅटरीनं करायचा आहे ना? मी कशाला करू?"

बाईंनी कडुलिंबाखाली खुर्ची लावली, दोनदा टाळी वाजवली आणि आवाज दिला, "मुलींनो, रांग."

भिया, मी खरं सांगतो, त्या बाजूची गर्दी थिजली. चहाचे कप खाली ठेवले गेले. पोरं नवऱ्यांच्या कडेवर गेली. तीस-चाळीस बाया मुकाट्यानं येऊन उभ्या राहिल्या, आणि कुणी न सांगता उंचीप्रमाणे लागल्या. एक जाडजूड सेठाणी आपल्याहून बुटक्या मोलकरणीला पुढे घालून स्वतः मागे सरकली. दोघी एकाच वर्गातल्या निघाल्या.

आणि रांगेत दुसऱ्या नंबरवर माझी बायको. सुमन बुटकीच आहे. ती प्रदर्शनीला येणार हे मला ठाऊक नव्हतं, आणि ती बाईंची विद्यार्थिनी होती हे तिनं लग्नाला बारा वर्षं होऊनही सांगितलं नव्हतं.

"सुमन. सहावी अ. हा तुझा नवरा?" बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कामाला चोख आहे. भाषा सुधारून घे."

"बाई, ती सुधारून सुधारून मी पण दमले," सुमन म्हणाली. घरी सारखी बोलणारी ही बाई तिथं एवढं एकच वाक्य बोलली.

अर्ध्या तासात सगळ्यांचे नमस्कार आटोपले. बॅटरीनं दम घेतला. मी लॅम्प लावून पाहिला, पिवळा पण धड पेटला. बाईंनी रांगेला सांगितलं, "आता गेटपर्यंत मला कुणी थांबवायचं नाही." त्या निघाल्या, आणि ती आख्खी रांग दोन्ही बाजूंनी निघाली. समोरून कुणी "बाई" म्हणायला तोंड उघडलं, की सेठाणी त्याला बाजूला सारायची.

सपाटीवर काही त्रास झाला नाही. मग पुलाचा चढ आला. अर्ध्यावर मोटरचा आवाज खोल गेला. माणसाच्या चालीनं जाणारी खुर्ची गोगलगायीच्या चालीवर आली. लॅम्प विझला. दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस हात पुढे आले. वसंतराव वरून बघत होते.

बाईंनी मान वळवली नाही. "हात मागे," त्या म्हणाल्या.

सगळ्या बायांनी हात पाठीमागे बांधले आणि तशाच चढू लागल्या. चाक एक वीत सरकायचं, मग आणखी एक वीत. पुढचं चाक माथ्यावर टेकलं, मग मागची दोन टेकली आणि उतारावर खुर्ची आपोआप गेटाबाहेर गेली.

वसंतराव माझ्याकडे आले. डोळे ओले होते, पण ओव्हरसियरच तो. "दामूभिया, खरं सांगा. कुणाचा हात लागला?"

"कुणाचाच नाही."

"तुमचा?"

मी उत्तर द्यायच्या आधीच सुमन हसायला लागली. मी मागे पाहिलं. माझे दोन्ही हात पाठीशी घट्ट बांधलेले होते. कधी बांधले, मला माहीत नाही.

खुर्ची गोदामात गेली नाही. बाई पुढे सात वर्षं ती चालवत होत्या आणि दर महिन्याला तिच्या बॅटऱ्या माझ्याकडे यायच्या. नवं गिऱ्हाईक आजही विचारतं, बॅटरी किती मैल चालेल. मी आधी विचारतो, गावात ओळखी किती आहेत.