तहान हाय मला

"मास्तरणीला धाडा. खाल्लं तर तिला खातील."

पाटील बोलला आणि चावडीवरचे सगळे हसले. मी खाली धुळीत उभी होते. चावडीची पायरी आम्हाला नव्हती. मास्तरीण म्हणजे मी. वय वीस. महाराची पोर. फायनल पास.

लढाईचे दिवस होते. सकाळी एक लष्करी मोटार आमच्या ओढ्यात बंद पडली. बरोबरचा गोरा साहेब दुसऱ्या मोटारीनं कोपरगावला मिस्त्री आणायला गेला. मागं राहिले दहा-बारा काळे शिपाई. आफ्रिकेतले. ब्रह्मदेशात लढायला नेण्याआधी सरकारनं त्यांना नाशिककडं आणून ठेवलं होतं. गावाला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती. ते माणसं खातात. कुणी सांगितलं? कुणीच नाही. सगळ्यांनी. भर दुपारी घरोघर दारं लागली होती.

त्यांना काय पाहिजे ते विचारायला कुणीतरी जायला हवं होतं. इंग्रजी मला येत होतं. नगरला मिशनच्या शाळेत शिकले होते. गावात अजून एकाला येत होतं, आमच्या हेडमास्तरांना. ते जानव्याशी चाळा करत जमिनीकडं बघत बसले.

माझा बा पुढं झाला. बा गावचा तराळ. निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची. हात जोडून म्हणाला, "पाटील, पोरगी हाय माझी."

"मग तू जा. तुला येतंय का विंग्रजी?"

 बाचे जोडलेले हात तसेच राहिले.

मी निघाले. नाही म्हणायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मारुतीच्या देवळात शाळा भरायची. मी आत जायची नाही. बाहेर लिंबाखाली उभं राहून पहिलीला शिकवायची. आमच्या महारवाड्यातली चार पोरंही बाहेरच. पाऊस आला की भिजायची. हे असंच असतं, असं मला वाटायचं.

ओढ्यापर्यंत दोन्हीकडं जोंधळा. डोक्याइतका उंच. पानं सळसळली की अंगावर काटा यायचा. मागं वळून पाहिलं. वेशीत माणसं जमली होती. माझं काय होतंय ते बघायला.  खोटं कशाला सांगू, वाटेतच लुगडं ओलं झालं माझं.

ओढ्यात मोटार कलली होती. एक शिपाई बाभळीखाली सदऱ्याला गुंडी लावत होता. दुसरा पुस्तक वाचत होता. पुस्तकवाल्यानं मला पाहिलं. उठला. माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"गुड आफ्टरनून, मॅडम."

मी मागं बघितलं. मागं कुणी मॅडम नव्हती.

त्यानं एक पत्र्याचा डबा पालथा घातला, रुमालानं पुसला आणि बसा म्हणाला. स्वतः उभाच राहिला. मी बसले. ओल्या लुगड्यानं बसले. बसताना वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही.

त्याचं नाव कोफी. शुक्रवारी जन्मला म्हणून कोफी. मला हसू आलं. आमच्या वाड्यात बुधा होता, मंगळ्या होता. तोही त्याच्या मुलखात मास्तर होता. शाळा सोडून पलटणीत आला होता. मी पहिलीला शिकवते म्हटल्यावर त्यानं काटकी घेतली आणि वाळूत आपला जिल्हा काढला. भूगोलाच्या तासाला काढतात तसा. ही मोठी नदी, व्होल्टा. हे रान, एवढं दाट की दुपारी अंधार. ही कोकोची झाडं. हा कंद, उकडून उखळात कुटतात, सगळे एका भांड्यातून खातात. हा बाजार. बाजार सगळा बायकांचा. मुखिया निवडायचा तर घराण्यातली म्हातारी नाव सुचवते, तिला राणीमाय म्हणतात.

"सगळे एका भांड्यातून?" मी विचारलं.

"हो. का?"

"आमच्याकडं जन्मावरून भांडं ठरतं," मी म्हणाले. तो म्हणाला, "आमच्यातही पूर्वीच्या गुलामांची घरं आहेत. पण कुणाला तोंडावर त्याचा जन्म काढून हिणवलं, तर मुखिया दंड करतो. मेंढा द्यावा लागतो." आणि हसून म्हणाला, "मागून बोलतातच लोक."

 हिणवणाऱ्याला दंड. आपल्याला नव्हे. हिणवणाऱ्याला. असं कुठं असू शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांना पाणी पाहिजे होतं. प्यायला आणि मोटारीला. ओढ्यात गढूळ डबकं होतं तेवढंच.

"मी नाही आणू शकत," मी म्हणाले.

"विहीर आटली?"

"नाही."

"मग?"

इंग्रजीत सांगायला मला शब्द मिळेनात. कसंबसं म्हणाले, "ते शिवू देत नाहीत."

"ते म्हणजे कोण?"

मी वेशीकडं बोट केलं. त्यानं तिकडं बघितलं. मग त्यानं दोन बादल्या उचलल्या, अजून एका शिपायाला हाक मारली. "चला, मॅडम."

आम्ही वेशीशी आलो तशी गर्दी फाटली. पाटील मात्र पुढं आला. मी जिवंत परत आलेली बघून त्याला धीर आला असावा. तोंडभर हसला. विहिरीवर नेलं. दोघा गड्यांना पोहरा सोडायला लावलं. बादल्या भरल्या. घरातून पितळी तांब्या मागवून कोफीच्या हातात दिला. माणसं खाणारा म्हणून ज्याला भीत होते, त्याला पितळी तांब्या. मी पन्नास पावलं लांब उभी.

कोफीनं तांब्या तोंडाला लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "आधी मॅडमना द्या. त्या उन्हातून आल्या."

"काय म्हनतोय त्यो?" पाटलानं मला विचारलं.

मी लांबूनच मोठ्यानं सांगितलं. 

पाटलाचं हसू गेलं. "सांग त्याला, तुला तहान न्हाई म्हनावं."

एवढंच सांगायचं होतं. चार शब्द. मला येत होते. बा गर्दीच्या कडेला उभा होता. मान हलवत होता. सांग पोरी, सांग. उद्या हे शिपाई जातील. पाटील इथंच राहील. हे मला कळत होतं. 

"तहान हाय मला," मी म्हणाले.

इंग्रजीत नाही. पाटलाकडं बघून. मराठीत.

शिपायांपुढं मला अडवायला कुणी धजलं नाही. मी चालत विहिरीपाशी गेले. पन्नास पावलं. कोफीनं कमरेचा पत्र्याचा मग काढून बादलीत बुडवला आणि मला दिला. मी काठावर उभी राहून प्यायले. थोडं पाणी चोळीवर सांडलं. पण प्यायले. सगळा मग.

उन्हं कलताना मोटार दुरुस्त होऊन गेली. कोफीनं लांबून टोपी हलवली.

मोटारीची धूळ खाली बसायच्या आत पाटलाच्या माणसांनी बाला धरला. चावडीपुढं वहाणांनी मारलं. आई आडवी पडली तर तिलाही. मला हेडमास्तरांनी बोलावलं. देवळाच्या पायरीवरून कागद-पेन्सिल खाली टाकली.

"हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. लिही, त्या काळ्यानं बंदूक दाखवून बळजबरीनं पाणी पाजलं. म्हणजे तुझ्याकडं दोष नाही. विहीर शुद्ध करून घेऊ. नोकरी राहील."

बाला तिथंच आणून बसवला होता, त्याच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. "लिव्ह बाय," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो."

बापाला पाया पडायला लावलं त्यांनी.

मी कागद उचलला.  कोफीचं नाव लिहायचं होतं. ज्यानं डबा पुसून मला बसायला दिलं त्याचं. मी लिहिलं: मी आपल्या पायांनी विहिरीवर गेले. आपल्या हातानं प्याले. कुणी बळजबरी केली नाही. खाली सही केली. कागद पायरीवर ठेवला.

त्या आठवड्यात गाव सुटलं. बाचं गावकीचं काम गेलं, माझी नोकरी गेली. तीन वर्षं नगरात विड्या वळल्या. बा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मला अजून स्वप्नात जोंधळा सळसळतो आणि दचकून जाग येते. मी धीट झाले असं कुणी समजू नये.

आता पुन्हा नेमणूक मिळाली आहे. पारनेरकडचं गाव. आज पहिला दिवस. इथल्या मास्तरांनी दारातूनच बाहेरची चिंच दाखवली. म्हणाले, "तुमचा वर्ग तिथं."

वाड्यातली सात पोरं चिंचेखाली उभी होती. त्यांना घेऊन मी आत आले. पुढच्या बाकावर बसवलं. स्वतः खुर्चीवर बसले. मास्तर बाहेर गेलेत, माणसं गोळा करायला. बोलणं जवळ येतंय. 

मी उठणार नाही. उठवायचं तर मला शिवावं लागेल.

शिवा.