लिमयेकाकांची धाकटी

लोक एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेले की पाय कुठे धुवायचे ते विचारतात. लिमयेकाका विचारायचे, "तुमच्याकडे संगणक कुठे असतो?" बँकेने माझी बदली कोलकात्याला केली होती, तिथल्या बेहाला भागात आमचं नुकतंच बस्तान बसलं होतं आणि बायकोने सत्यनारायण घालून आसपासची चार मराठी घरं बोलावली होती. काकूंनी पूजेला नमस्कार केला. काका मात्र बुशशर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह काढत सरळ आतल्या खोलीत गेले. म्हाताऱ्या माणसाला गर्दीचा त्रास होत असेल, बसू दे जरा शांत, असं मला वाटलं. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तेव्हा काका बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "धाकटी आली हो घरात. थोरलीच्या केसालाही धक्का नाही." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला लगेच आत जाऊन संगणक बघावा लागला.

थोरली म्हणजे संगणकाबरोबर विकत येते ती ऑपरेटिंग सिस्टिम. धाकटी म्हणजे लिनक्स, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली आणि फुकट वाटलेली. एकाच संगणकात या दोघींना शेजारी शेजारी नांदवायचं, हे काकांनी निवृत्तीनंतर घेतलेलं व्रत होतं. संगणक सुरू केला की आधी एक काळा पडदा येई. त्यावर दोघींची नावं असत, बाण वरखाली करून हवी ती निवडायची. काहीच केलं नाही तर थोड्या वेळाने जिचं नाव वर असेल ती आपोआप सुरू होई. इतकं सोपं होतं, पण त्या काळ्या पडद्यापुढे आमच्यातल्या भल्याभल्यांचे हातपाय गळायचे. माझी बायको तर पहिले काही दिवस तो पडदा दिसला की भिंतीतली पिनच काढून टाकायची.

मग काकांना फोन जायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. अर्थ लावू नकोस, नुसतं वाच." खिदिरपूरच्या गोदीत उभी हयात त्यांनी मालाची कागदपत्रं तपासण्यात घालवली होती आणि माणसं वाचायच्या आधी अर्थ लावतात, त्यातून सगळे घोटाळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा वैतागून मी त्यांना म्हटलं, कशाला या दोन दोन, एक काढून टाकू या. काका खरोखरच दुखावले. म्हणाले, "काढायला अक्कल लागत नाही रे. जागा करून द्यायला लागते." नंतर दोन आठवडे ते आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटी बायकोनेच साबुदाण्याची खिचडी करून त्यांना बोलावून आणलं.

त्यांच्या स्वतःच्या घरी ही वाटणी फार शिस्तीत चाले. संध्याकाळी थोरली काकूंची. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांना काकू संगणकावरून मराठी शिकवत. आयटीतल्या आईबापांची ती मुलं "मी शाळेत गेला होता" असं बोलायची आणि काकू न चिडता ते पुन्हा पुन्हा सुधारून घ्यायच्या. त्यांच्या वर्गाचा कार्यक्रम धाकटीवर धड चालतच नसे. सकाळ मात्र काकांची. धाकटीत त्यांनी वर्षानुवर्षं खपून सगळं आपल्या सोयीचं करून घेतलं होतं, कुठलं बटण दाबलं की काय उघडावं हेसुद्धा. काकू म्हणायच्या, "स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं ते यांना अजून माहीत नाही, पण तिच्या घरातला कोपरा न् कोपरा ठाऊक आहे."

आणि मग काकांना दाराच्या चौकटी लागायला लागल्या. काचबिंदू होता, आणि कळायला फार उशीर झाला होता. डॉक्टर बंगाली होते. काकांनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं मला ऐकवलं, "जा गॅछे, ता आर फिरबे ना," आणि वर समजावून सांगितलं, "गेलंय ते काही परत यायचं नाही म्हणतात." काकू उठून आत गेल्या. दुसरं कुणी असतं तर देवळं पालथी घातली असती, काकांनी धाकटीला बोलायला शिकवलं. तिच्यात मराठी वाचणारा आवाज बसवला, तिचं नाव पडद्यावर वर आणलं म्हणजे ती न निवडताच सुरू व्हावी, आणि काळा पडदा आला की एक बारीक शिट्टी वाजेल अशी सोय केली, कारण तो पडदा पहिल्यापासून मुका. मग डोळे घट्ट मिटून ते रोज सराव करू लागले. मी म्हटलं, काका, दिसतंय तोवर बघून घ्या की जरा. ते म्हणाले, "दिसतंय तोवर शिकून घ्यायचंय मला."

नजर पूर्ण गेली तरी काही महिने सगळं बिनबोभाट चाललं. सकाळी बटण दाबायचं, शिट्टी ऐकायची, धाकटी बोलायला लागेपर्यंत वाट बघायची आणि तिच्याकडून पुण्यामुंबईची वर्तमानपत्रं वाचून घ्यायची. तेवढा वेळ त्यांना कुणाचीही गरज नसे. दिवसातलं बाकी सगळं, चहाच्या कपापासून चपलांपर्यंत, कुणीतरी हातात द्यावं लागे. ही एक सकाळ त्यांची स्वतःची होती आणि ती ते जिवापाड सांभाळत.

पण थोरलीमध्ये अधूनमधून मोठे बदल आपोआप उतरत, आणि ते झाले की कधी कधी ती स्वतःच पुढे येऊन बसायची. मग काळा पडदा नाही, शिट्टी नाही. धाकटी आत सुखरूप असायची, पण तिचं दार बंद. ते उघडायचं तर यंत्राच्या अगदी मुळाशी असलेल्या पडद्यात शिरावं लागे आणि तिथे कुठलाच आवाज पोचत नसे. तिथे डोळेच लागत. मी बेहालात होतो तोवर बँकेतून परतताना जाऊन ते करून यायचो. चहा गार होण्याआधी काम व्हायचं. पुढे माझी विशाखापट्टणमला बदली झाली.

एके सकाळी त्यांचा फोन आला. आदल्या संध्याकाळचा वर्ग घेऊन काकू बहिणीच्या आजारपणासाठी नागपूरला गेल्या होत्या. जेवणाचा डबा लावला होता, बाई काम करून जायची, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. काका म्हणाले, "शिट्टी वाजली नाही रे." मी ऑफिसच्या घाईत होतो, आणि त्यांच्याचकडून लागलेल्या सवयीने बोलून गेलो, "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, काका."

ते हसले. "तेच तर तुला विचारायला फोन केला," म्हणाले.

मी व्हिडिओ कॉल लावला. फोन पडद्याकडे धरलाय की खिडकीकडे हे त्यांना कळत नव्हतं. मला पंखा दिसला, कॅलेंडर दिसलं, त्यांची हनुवटी दिसली, आणि एकदा निळा पडदा दिसला तो मी वाचेपर्यंत निसटला. "थोडं डावीकडे," मी सांगायचो. "एवढं?" ते विचारायचे. हात दुखला म्हणून ते फोन बदलून दुसऱ्या हातात घ्यायचे आणि पुन्हा पंखा यायचा. शेवटी मी त्यांना संगणक बंद करायला सांगितलं. त्यांना इतकं ओशाळवाणं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उलट तेच मला म्हणाले, "तू जा बाबा, तुला उशीर होतोय." काकू परत येईपर्यंत ते त्या बंद संगणकासमोरच्या खुर्चीत बसून राहत होते, असं नंतर कामवाल्या बाईकडून कळलं.

त्यानंतर शिट्टी वाजली नाही की काकू पडदा वाचून दाखवायच्या आणि मी फोनवर सांगेन तसं करायच्या, म्हणून त्यांनी गावाला जाणंच सोडलं. भाचीच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत.

दिवाळीच्या सुमारास बँकेच्या कामासाठी मी कोलकात्याला गेलो तेव्हा दोघं माझी वाटच बघत होती. काकूंनी फराळाची ताटली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "शिरीष, ती थोरली काढून टाक. म्हणजे पुढे पुढे करणारं कुणी उरायचं नाही. माझा वर्ग काय, बंद केला तरी चालेल." काका म्हणाले, "तिचं ऐकू नकोस. धाकटीला काढ." मी म्हटलं, कुणालाच काढायला नको, काकांसाठी दुसरा संगणक मी आजच आणतो. काकांनी हात हलवला. "आणशील. आणि तो अडला की? डोळे हिचेच लागणार, तू तिकडे समुद्रावर. मग ही घराबाहेर पडायची नाही."

काकू म्हणाल्या, "मला कुठे जायचंय?"

"हेच," काका म्हणाले. "हेच मला नको आहे." मग म्हणाले, "दोघांचं चालावं म्हणून मी दुसरी आणली होती. आता एकाचंच चालणार असेल तर जिला दिसतंय तिचं चालू दे. मुलं वर्गाला यायची थांबायला नकोत."

काकूंनी फराळाची ताटली उचलून आत नेली. मी काकांचं धाकटीतलं सगळं आधी उतरवून घेतलं. थोरलीतही वाचणारा आवाज बसवून दिला. काकांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि म्हणाले, "कळतं. परक्यासारखी वाचते, पण कळतं." त्यांच्या सवयीचं एकही बटण तिथे चालत नव्हतं. ते सगळं नव्याने शिकावं लागणार होतं, आणि या वयात ते शिकणार नाहीत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी पुष्कळ वेळ इकडचं तिकडे करत राहिलो. डोकं लढवून तिसरा काही मार्ग निघतो का बघत होतो. निघाला नाही.

काका खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ येऊन बसले. एक हात त्यांनी टेबलावर ठेवला होता.

"पुसताना आवाज होतो का रे?"

"नाही, काका."

"बरं. मग झालं की सांग."

पुसायला काही क्षणसुद्धा लागत नाहीत. ते केव्हाच झालं होतं. काका मान थोडी पुढे करून वाट बघत होते, काकू दारात उभ्या होत्या, आणि मी अजून 'झालं' म्हटलं नव्हतं.